सालीवर काही नव्हतं

रेवतीच्या ओट्यावर, मिक्सर आणि मिसळणाच्या डब्याच्या मधल्या जागेत, पारखी बसलेली असे. आकारानं पुरणयंत्राएवढी, पांढरी, समोर काचेचा एक डोळा. भाजीचा चिमूटभर लगदा सोनेरी पट्टीवर घ्यायचा, पट्टी खाचेत सरकवायची आणि झाकण लावायचं. कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आत निकाल. पट्टीच्या टोकाशी जांभळा ठिपका उमटला तर भाजीत कीटकनाशक आहे. नाही उमटला, तर नाही.

साताऱ्यात निम्म्या घरांत पारखी आली होती. मंडईतल्या बायका आता गिऱ्हाईक लांबूनच ओळखत. "ही पारखीवाली. दोन पानं खुडून नेईल आणि उद्या येते म्हणेल." रेवतीनंही कितीदा तरी उद्या येते म्हटलं होतं. गेली मात्र क्वचितच.

कारण उर्वी. लेक आठ महिन्यांची झाली, तरी तिचं उष्टावण व्हायचं होतं. एकदा ठरलेला दिवस गाजरानं मोडला, दुसऱ्यांदा तांदळानं.

"सुतकानं मुहूर्त टळलेला पाहिलाय, सोयरानं टळलेला पाहिलाय," सासूबाई म्हणाल्या. "गाजरानं टळलेला आपल्याच घरी बघितला."

"आई, ठिपका आला होता."

"आला होता ना. मी कुठं नाही म्हणते? पण पोरीच्या पोटात काही गेलं नाही, तेही बघ."

रेवतीची भीती ऐकीव नव्हती. उर्वी व्हायच्या आधी ती पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत भाज्यांतली कीटकनाशकं शोधायचंच काम करत असे. तिथे नमुन्याची भाजी धूत नाहीत, कारण जे शोधायचं तेच धुऊन जायचं. भाजी गोठवून तिचा भुगा करायचा, त्यातला थोडा नळीत घेऊन द्रावक आणि क्षार घालून घुसळायचा. औषधाचा अंश द्रावकात उतरतो, पाणी खाली वेगळं होतं. वरचं निवळ द्रावक मग मोठ्या यंत्रात सोडायचं. तिथे एका बारीक नळीतून प्रत्येक रेणू आपापल्या चालीनं पुढे सरकतो, शेवटी त्याचे तुकडे पाडून त्यांचं वजन केलं जातं, आणि त्यावरून त्याचं नावगाव कळतं. एवढ्यासाठी खोलीभर यंत्रं आणि दिवसभराची माणसं लागत.

पारखीनं ते सगळं एका डब्यात आणलं. प्रकाशाचा बारीक किरण एखाद्या पदार्थावर टाकला, की त्यातला अगदी थोडा प्रकाश रंग बदलून परततो. कोणता रेणू किती रंग बदलतो हे ठरलेलं असतं. जणू दाराआडून आलेल्या हाकेवरून माणूस ओळखावा. ही हाक इतकी क्षीण, की एरवी ऐकू येऊ नये. पण रेणू सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर येऊन बसला, की तीच हाक लाखो पटींनी मोठी होते. पट्टी सोनेरी होती ती काही शोभेसाठी नव्हे.

पहिली पारखी अंश किती, ते आकड्यात सांगायची. लोकांना तो आकडा कळेना. कायद्यानं चालतं त्यापेक्षा कमी आहे म्हटलं तरी आया विचारायच्या, "पण आहे ना?" मग कंपनीनं नवीन पारखी काढली. ती जुनीपेक्षा हजारपट नाजूक, आणि आकडा काढून टाकलेला. आहे किंवा नाही. ती आल्यापासून बाजारातली एकेक भाजी जांभळी व्हायला लागली. बंद खोल्यांत, निळ्या दिव्यांखाली वाढवलेल्या 'शून्य भाज्या' मिळत. रेवतीनं त्याही आणल्या. तिसऱ्या खेपेला त्यांच्यातही ठिपका आला.

त्याच आठवड्यात डॉक्टर शिरोळकरांनी उर्वीची पापणी खाली ओढून पाहिली, रक्त तपासलं आणि वजनाचा आलेख रेवतीकडे वळवला. वर चढत आलेली रेघ गेले दोन महिने आडवी झाली होती.

"हिमोग्लोबिन उतरलंय. या वयात नुसत्या अंगावरच्या दुधातून लोह पुरत नाही. वरचं काय काय देताय?"

रेवतीनं उर्वीचं झबलं सारखं केलं. पुष्कर, तिचा नवरा, म्हणाला, "डॉक्टर, आमच्याकडे वरचं सगळं आधी तपासाला जातं. निकाल अजून यायचाय."

त्यानं चेष्टा केली खरी, पण गाडी सुरू करण्याआधी तो आलेख पुन्हा उघडून पाहिला.

रेवतीनं भावाला फोन लावला. धैर्यशील भुईंजला शेती करायचा. आई गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे हा दादा आणि वहिनी. भाचीचं उष्टावण मामाच्या हातून व्हायचं, म्हणून त्यानं उर्वीच्या बारशालाच विहिरीजवळचा एक वाफा वेगळा काढला होता.

"त्यात एक थेंब मारलेला नाही बघ," तो म्हणाला. "लाल भोपळा असा धरलाय, की बघत राहशील. उद्या दूधगाडीबरोबर पाठवतो, परवा मी येतो. मामाचा घास परवा म्हणजे परवा. आता गाजरबिजर काही ऐकणार नाही."

भोपळा आला. चांगला थोरला, देठ हिरवागार. रेवतीच्या मनात होतं की दादा यायच्या आत गुपचूप फोड काढायची, पट्टी लावायची, मोकळं व्हायचं. तिनं सुरी घेतली आणि मागून सासूबाईंचा आवाज आला.

"अगं अगं! अख्खा भोपळा बाईनं चिरत नाहीत. आधी पुरुषाच्या हातचा घाव, मग आपण."

"आई, आता कोण पाळतं हे?"

"मी पाळते. भोपळा म्हणजे थोरला लेक. दहा जण म्हणतील खुळी आहे, म्हणू देत."

रेवतीनं पुष्करकडे पाहिलं. त्यानं दोन्ही हात वर केले. "मला नको मध्ये घेऊ. मामानं पाठवलाय, मामाच कापेल."

मग तिनं एवढंच केलं, की ओल्या कापसाचा बोळा सालीवरून सगळीकडे फिरवला आणि तो पट्टीवर पिळला. ठिपका आला नाही. तिनं पुन्हा केलं. नाहीच आला. कितीतरी दिवसांनी तिला पोटभर जेवण गेलं.

दुसऱ्या दिवशी धैर्यशील सकाळीच आला. पांढरा शर्ट, डोक्याला तेल, हातात उर्वीसाठी काळ्या मण्यांची मनगटी. सासूबाईंनी पाट मांडला, भोपळ्याला हळदकुंकू लावलं, विळा पुढे केला. त्यानं एका घावात भोपळ्याची दोन शकलं केली. आतला गर शेंदरी, दाट. स्वयंपाकघरभर वास पसरला.

"बघा काकू! असा बाजारात मिळेल का?"

"नाही मिळायचा हो. रेवती, खिरीला घे यातलाच. भोपळ्याची खीर करू, लोह असतं म्हणतात."

रेवतीनं फोड उचलली. सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते, पण हाताला सवय होती. तिनं गर चिरडला, पट्टीवर घेतला, पट्टी आत सरकवली.

ठिपका उमटला. फिकट नव्हता.

तिनं दुसऱ्या शकलातला गर घेतला. पुन्हा तेच.

"दादा, ठिबकमधून काय सोडलंस?"

"पाणी."

"आणखी?"

"जीवामृत. शेणागोमूत्राचं. शेणाला विचारायचं असलं तर गोठ्यात चल."

"चेष्टा नको. सालीवर काही नव्हतं, काल मी बघितलंय. वरून फवारलं असतं तर सालीवर सापडलं असतं. आत सापडतं ते मुळातून दिलेलं औषध. मी सहा वर्षं हेच काम केलंय रे."

धैर्यशीलनं विळा पुसून पाटाखाली ठेवला. "रेवा, माझ्या फवारणीच्या ड्रोनला मी त्या वाफ्याची बंदी केली होती. शेजारचा फवारायला लागला, की प्लास्टिकचा कागद धरून उभा राहायचो. गावातली पोरं म्हणायला लागली, भाचीचं लग्न वेलाखालीच लावणार काय."

"मग हे आलं कुठनं?"

"तुझा डबा चुकत असंल."

"तो खोटं बोलत नाही."

"म्हणजे मी बोलतो."

रेवतीला 'नाही' म्हणायचं होतं. पण आधी तिनं पट्टीकडे पाहिलं. तेवढं पाहणं धैर्यशीलला पुरलं.

धैर्यशील आवाज न चढवता उठला. उर्वीच्या मनगटात मनगटी बांधली, तिच्या गालाला बोट लावलं. "घास भरवायला येईन की. तुझी खात्री झाली, की कळव."

"मामा उपाशी गेला," सासूबाई दाराशी उभ्या राहून म्हणाल्या. मग आत येऊन त्यांनी पाट भिंतीला लावून ठेवला.

रात्री तिनं दूध पाजलं, पण उर्वी पोट भरल्यासारखी झोपली नाही; झोपेतही ओठ हलवत राहिली. रेवती तिच्याकडे बघत पडली. दादा खोटा ठरावा असं तिला वाटत नव्हतं. पण पारखी खोटी ठरली, तर टाकलेलं गाजर, टाकलेला तांदूळ, ती आडवी रेघ, या सगळ्याचा जाब कुणाला विचारायचा? सकाळी उठून तिनं गराचा तुकडा बर्फाच्या डब्यात घातला आणि पुण्याला कामासाठी निघालेल्या पुष्करच्या हाती दिला. "कुलसुमकडे दे. म्हणावं, कोणतं औषध आहे ते नाव हवंय."

कुलसुम तिची प्रयोगशाळेतली जुनी सोबतीण. दोन दिवसांनी सकाळी तिचा फोन आला तेव्हा रेवती दोरीवर लंगोट वाळत घालत होती.

"रेवती, भोपळा कुणी दिला?"

"दादानं. का गं?"

"मग त्याच्यावर रुसली असशील तर आधी तो रुसवा सोड. यात डिल्ड्रिन आहे. ते विकणं बंद झालं तेव्हा तुझा दादा पाळण्यातसुद्धा नसेल."

रेवतीच्या हातातला चिमटा खाली पडला.

"पूर्वी वाळवीसाठी जमिनीत पावडर घालायचे बघ. तिचं मातीत जाऊन हे होतं, आणि तिथंच ठाण मांडतं. दोन-दोन पिढ्या हलत नाही."

"पण फळात कसं चढलं? ते मातीला घट्ट धरून बसतं, पाण्यात विरघळत नाही. मग?"

"बाकी भाज्यांत नाहीच चढत फारसं. पण भोपळा आहे बाई हा!"

आणि रेवतीला आपलंच शिकलेलं आठवलं. काकडी-भोपळ्याच्या कुळाला ही जन्मखोड असते. त्यांच्या मुळांशी अशी काही द्रव्यं असतात, की मातीला चिकटून बसलेला हा रेणू ती सोडवून घेतात आणि रसाबरोबर वेलीत चढवतात. शेजारी लावलेला घेवडा कोरा राहतो आणि भोपळा आजोबांच्या काळातलं औषध वर ओढून आणतो. मुळातून आलं, हे तिचं बरोबर होतं. दिलं कुणी, ते मात्र तिनं ठरवून टाकलं होतं.

"किती आहे?" तिनं विचारलं.

"आत्ता विचारलंस! नावाच्या आधी हे विचारायची तू पूर्वी." कुलसुम हसली. "मर्यादेच्या खूप खाली आहे. मोठ्या माणसानं खाल्लं तर काही होणार नाही. आपण रिपोर्टात दोन रकाने भरायचो ना, सापडलं का आणि किती. तुमच्या त्या डब्यानं दुसरा रकाना गिळला, म्हणून गावभर घबराट."

फोन ठेवल्यावर रेवती तशीच उभी राहिली. तिला बरं वाटायला हवं होतं. पण तिचं डोकं पुढेच चाललं होतं. विहिरीजवळचा तो वाफा पूर्वीही भोपळ्याचाच होता. आई तिथलेच भोपळे उतरवायची. शाळेच्या डब्यात घारगे, श्रावणात घारगे, रेवती पहिली आली तरी घारगे. आणि डिल्ड्रिन चरबीत साठतं, वर्षानुवर्षं. शरीर त्याला सहजी सोडत नाही. बाईच्या शरीरातून मात्र त्याला एक वाट मिळते. पुस्तकातलं ते वाक्य तिनं परीक्षेसाठी पाठ केलं होतं.

ती आत आली, दार लोटलं, वाटीत थोडं दूध काढलं. एक थेंब पट्टीवर ठेवला.

सकाळचं ऊन ओट्यावर आलं होतं. ठिपका हळूहळू गडद झाला.

तिनं दुसरी पट्टी घेतली नाही. तिनं कुलसुमला पुन्हा फोन लावला.

"दूधही लावलं मी."

"मला वाटलंच होतं, तू लावणार. आलं ना?"

"आलं."

"येणारच. माझं लावलं तर माझंही येईल. उद्या नमुना पाठव, मी मोजून देते."

"आणि तोवर?"

तेवढ्यात उर्वी उठली. आतल्या खोलीतून तिचं ते बारीक, हक्काचं रडणं आलं. फोनमधून कुलसुमलाही ऐकू गेलं.

"तोवर पाज," कुलसुम म्हणाली. "मैत्रीण म्हणून नाही सांगत, लॅबवाली म्हणून सांगतेय. त्या दुधातून तिला जे मिळतं, त्यापुढे हा ठिपका काहीच नाही. जा, ती रडतेय."

रेवती गेली. उर्वीला उचलून घेताना तिचे हात क्षणभर अडखळले. उर्वी अडखळली नाही. तिनं नेहमीसारखं पदराखाली डोकं घुसवलं आणि घटाघटा प्यायला लागली. रेवती भिंतीला टेकून बसली. आठ महिने ती दारात पहारा देत होती, आणि जे अडवायचं ते तिच्याच अंगावरून आत जात होतं. आता टाकायचं म्हटलं तर स्वतःलाच टाकावं लागलं असतं.

मोजणीचा निकाल आला. तिच्या वयाच्या कितीतरी बायकांत सापडतं, तेवढंच. कुलसुमनं पुढे लिहिलं होतं: चिंता नको, पाजत राहा, आणि वरचं खाणं आजच्या आज सुरू कर. डॉक्टर शिरोळकरांनीही वाचून तेच सांगितलं.

रविवारी सगळे भुईंजला गेले. सासूबाईंनी चांदीची वाटी आणि मूगडाळीचा मऊ भात डब्यात घेतला होता. भावजय खीर करणार होती. धैर्यशील विहिरीजवळच्या वाफ्यातच होता. रेवती उर्वीला कडेवर घेऊन बांधावरून एकटीच पुढे गेली.

"डबा आणलास?" त्यानं मागे न वळता विचारलं.

"आणलाय. पिशवीत आहे."

"मग काढ. सगळंच लावून घे. माती लाव, विहीर लाव. मलापण लाव."

"लावलं तर ठिपका येईल, दादा. तुलापण येईल."

तो वळला. तिनं त्याला सगळं सांगितलं. वाळवीची पावडर, माती, भोपळ्याची मुळं. तो ऐकत राहिला, मध्येच खाली वाकून त्यानं ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं.

"आजोबा गोठ्याच्या खांबांना काहीतरी पांढरं टाकायचे म्हणतात," तो म्हणाला. "इथंच होता जुना गोठा."

"तेव्हा सगळेच टाकायचे. कुणाला काय माहीत."

"आणि मी पोरीसाठी बरोबर हीच जागा निवडली. पाणी जवळ म्हणून." त्यानं हातातली माती झटकली. "हा भोपळा मी तिला भरवणार नाही बघ. तू म्हणालीस तरी नाही."

"मी तिला तो आठ महिने भरवतेय."

त्याला पटकन कळलं नाही. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं, उर्वीकडे पाहिलं, आणि नजर वेलीकडे नेली. आईनं याच जागी, पदर खोचून, भोपळे उतरवलेले दोघांनीही पाहिले होते.

"त्या दिवशी तुला खोटं ठरवलं," रेवती म्हणाली.

"ठरवलंस." त्यानं वेलीचं एक वाळकं पान खुडलं. "लहानपणीपण ठरवायचीस. कैऱ्या तू पाडायचीस आणि मार मी खायचो."

"दादा."

"आता करायचं काय ते सांग. वेल उपटू?"

"नको. राहू दे. फळं धरू देत, पण खायची नाहीत. दरवर्षी लावायचा आणि फळावेलीसकट काढून वेगळा टाकायचा. हाच ओढून काढील जमिनीतलं. वेळ लागेल."

"भोपळा लावायचा आणि खायचा नाही. गावात तोंड दाखवायला जागा ठेवणार नाहीस तू." पण तो वेलीकडे बघत होता तो आता वेगळ्या हिशेबानं. "घेवडा चालेल? तो पलीकडं आहे."

"घेवडा चालेल. टोमॅटो चालेल. सगळं चालेल."

विहिरीवर त्यानं हात धुतले, नखंसुद्धा चोळून धुतली. अंगणात पाट मांडला होता. पुष्करनं मोबाइल उभा धरला. भावजयीनं औक्षण केलं. धैर्यशीलनं उर्वीला मांडीवर घेतलं आणि वाटीतल्या मऊ भातात बोटाचं टोक बुडवलं. त्याचा हात मध्येच थांबला. त्यानं रेवतीकडे पाहिलं.

पिशवी तिच्या पायाशी होती. ती वाकली नाही.

"भरव," ती म्हणाली.

उर्वीनं पहिला घास जिभेनं बाहेर ढकलला. तोंड वाकडं केलं, अंग शहारलं. सासूबाई हसल्या. "मामाच्या घासाला नाक मुरडते! अगदी आईवर गेली."

धैर्यशीलनं पुन्हा बोट बुडवलं. या वेळी उर्वीनं ते दोन्ही हातांनी धरलं, नुकत्याच फुटलेल्या दोन दातांत पकडलं, आणि चोखत राहिली. भात संपला तरी बोट सोडीना. त्यानं काढून घ्यायला पाहिलं तर रागानं किंचाळली आणि वाटीकडेच झेपावली, अर्धी मांडीवरून खाली, भात हनुवटीला, कपाळाला. सगळे हसत होते. धैर्यशील हसायचा थांबला.

"अगं रेवा," तो हळूच म्हणाला, "भुकेली होती की गं ही."

रेवतीनं पुढे होऊन वाटी उचलली आणि उर्वीच्या तोंडाशी धरली.